ओंडक्यावरचे दोन मिलिमीटर

(दृश्य: पावसाने भिजलेला, शेवाळलेला ओंडका. कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

हे झाड पडून बरीच वर्षं झाली असावीत. साल सुटली आहे, लाकडाचा भुगा होत आलाय. येणारे-जाणारे यावर पाय देऊन पलीकडे जातात. आपला सगळा मुक्काम मात्र इथेच आहे.

(दृश्य: पिवळं जाळं, वेग वाढवलेलं चित्रण.)

हा स्लाइम मोल्ड. मराठीत श्लेष्मबुरशी म्हणतात, पण नावावर जाऊ नका. ही बुरशी नव्हे. वनस्पती नाही, प्राणीही नाही. नातं सांगायचंच तर अमीबाशी. आणि हे पसरलेलं अख्खं जाळं म्हणजे एकच पेशी आहे, असंख्य केंद्रकं पोटात घेऊन फिरणारी. शिरांमधला रस बघा. पुढे धावतो... थबकतो... आणि उलटा फिरतो. पुढच्या टोकाकडे थोडा जास्त जातो, तेवढंच जाळं पुढे सरकतं. वाटेतले जिवाणू हे त्याचं जेवण.

२००० साली जपानमधल्या संशोधकांनी याच्या एका जातीला चक्रव्यूहात ठेवलं, तर तिने दोन टोकांना ठेवलेल्या अन्नामधली सर्वांत जवळची वाट धरली. मेंदू नसताना! पण ती प्रयोगशाळा झाली. आपण ओंडक्याकडे परत येऊ.

(दृश्य: छायाचित्रकार चिखलात पालथी पडलेली, डोळा कॅमेऱ्याला.)

अन्न संपत आलं, की जाळं उघड्यावर येतं आणि त्याची बोंडं होतात. बोंडांत बीजाणू. बहुतेकांची उंची एक-दोन मिलिमीटर. उभ्याने काही दिसत नाही, म्हणून आधी गुडघ्यावर, मग कोपरावर, आणि शेवटी हे असं.

मॅक्रो लेन्सने इतक्या जवळ गेलं, की चित्रात नीट दिसणारा पट्टा उरतो मिलिमीटरच्या काही अंशाएवढा. बोंडाचं टोक धरलं की देठ पुसट, देठ धरला की टोक गेलं. यावर उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा रेलवर, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीवर बसवायचा. एक फ्रेम घ्यायची, केसभर पुढे सरकायचं, पुन्हा एक फ्रेम. असं पन्नासदा, कधी शंभरदा. मग संगणकावर प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट भाग तेवढा उचलून एक चित्र जुळवायचं.

(दृश्य: बोंडांवरून चालणारा स्प्रिंगटेल, कीटकासारखा इवलासा जीव.)

आणि चाळिसाव्या फ्रेमला हे महाशय येतात. झालं, पहिल्यापासून सुरुवात. वारा आला, तरी तेच.

प्रकाशाचंही तसंच. फ्लॅश थेट मारला, तर चकचकीत बोंडावर पांढरा डाग पडतो. म्हणून मध्ये हा पांढरा कागद.

(दृश्य: डायाकियाची निळी-जांभळी बोंडं. इथे पाच सेकंद निवेदन थांबवावं.)

ही डायाकिया, श्लेष्मबुरशीचाच एक प्रकार. देठ चुन्यासारखा पांढरा, आणि वरचा हा झळाळता निळा, तो रंगद्रव्याचा नाही. बोंडाचं आवरण इतकं पातळ असतं, की त्यावर प्रकाश फुटतो, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा. कॅमेरा जरा हलवला की निळ्याचं सोनेरी होतं.

आणि हा दुसरा प्रकार, स्टेमोनायटिस. त्यातल्या त्यात उंच, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. संध्याकाळी पांढरा गोळा होता. रात्रीत देठ वर चढले, रंग तपकिरी झाला. आमचं चित्रण इथे थोडं तुटलंय. लेन्सवर दव साचलं होतं.

काही जण लाकडाचा तुकडा कापून नेतात आणि टेबलावर निवांत फोटो काढतात. चित्र स्वच्छ येतं, मान्य. या माहितीपटातली एकही चौकट तशी घेतलेली नाही.

(दृश्य: साफ केलेली जमीन, रचलेला लाकडांचा ढीग.)

सफाईच्या नावाखाली कुजलेली लाकडं उचलली जातात. त्यांच्याबरोबर हेही जातं.

(दृश्य: पुन्हा तोच ओंडका, काही दिवसांनंतर. बोंडं फुटलेली, नुसती जाळी उभी. वाऱ्याबरोबर थोडी तपकिरी धूळ उडते. निवेदन नाही, पावसाचा आवाज तसाच ठेवावा.)