जागं मूल, झोपेच्या लहरी

स्क्रीनवर ह्या ज्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या, रेषा सरकतायत ना, त्या एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला नुसत्या दाखवल्या, मुलाबद्दल एक अक्षर न सांगता, तर तो बहुतेक म्हणेल की मूल गाढ झोपलंय, नाहीतर भूल दिलेली आहे. मोठमोठ्या संथ लाटा, सेकंदाला दोन-तीन. आता मुलाकडे बघा. टक्क जागं आहे, खदाखदा हसतंय आणि टेक्निशियनच्या गळ्यातलं आयकार्ड ओढतंय.

हा अँजेलमन सिंड्रोम. साधारण १५ हजारांत एका मुलाला होतो, आकडा थोडा इकडेतिकडे धरा. १९६५ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचे बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी तीन मुलांवर लेख छापला, बोलणं जवळपास नाहीच, चालताना तोल जातो, फिट्स येतात, आणि चेहऱ्यावर सारखं हसू. लेख लिहू की नको असं त्यांचं बरेच दिवस चाललं होतं म्हणे, मग इटलीत सुट्टीवर असताना व्हेरोनाच्या म्युझियममध्ये हातात बाहुलीचं चित्र धरलेल्या एका हसऱ्या मुलाचं पेंटिंग बघितलं आणि मग लिहिलाच. पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

जीन सापडला १९९७ मध्ये. यूबीई३ए, पंधराव्या क्रोमोझोमवर. आता इथे जरा नीट ऐका, कारण घरोघरी ह्याचा भलताच अर्थ काढला जातो. जवळपास प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. पण मेंदूच्या पेशींमध्ये ह्या जीनची बाबांकडची कॉपी मुळातच बंद ठेवलेली असते, सगळ्यांच्याच, तुमच्या-माझ्याही. सगळा कारभार आईकडच्या एका कॉपीवर चालतो, आणि तीच गेली की मागे बॅकअप नाही. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच "म्हणजे आईच्या घराण्यातून आलं" असं सुरू होतं, आणि सुनेला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. तर १० पैकी साधारण ७ मुलांमध्ये क्रोमोझोमचा तो तुकडाच गळालेला असतो, आणि हे बहुतेक वेळा नव्यानेच घडतं, आईची तब्येत, खाणंपिणं, घराणं, कशाचा काही संबंध नसतो.

मेंदूच्या लहरी मोजायचं तंत्र तसं शंभर वर्षांचं आहे. जर्मनीत येनाला हान्स बर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाचा ईईजी घेतला आणि जगाला सांगितलं थेट १९२९ मध्ये. सिग्नल अगदी किरकोळ असतो. हृदयाचा ईसीजी साधारण १ मिलिव्होल्टचा, आणि मेंदूचा कवटी नि कातडी पार करून बाहेर येईस्तोवर १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ईसीजीच्या दहाव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत. त्यात मुलाने दात खाल्ले, डोळे मिचकावले, मान वळवली की स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलला गिळून टाकतो.

आपल्याकडच्या लॅबमध्ये गेलात तर पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, डोक्याला तेल नाही ना लावलं?" "नाही हो, सकाळीच शाम्पूने धुतलंय." कारण तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही. मग टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, दहा टक्के, वीस टक्के अशा अंतरांवर खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून कातडी जरा घासायची, चिकट पेस्ट लावायची, वर ती छोटीशी धातूची वाटी. अशा एकवीस. तेराव्या-चौदाव्या वाटीपर्यंत मुलाने पहिल्या चार उपटलेल्या असतात. आई हात धरून बसलेली, बाबा मोबाईलवर गाणं लावून उभे, आणि टेक्निशियन पुन्हा पहिल्यापासून. ह्या मुलांचे टेक्निशियन म्हणजे संतच, ह्यांच्यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही.

लॅब आधीच एक कागद देते, रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा, पहाटे लवकर उठवा, म्हणजे इथे आल्यावर झोप लागेल. अँजेलमनच्या आईबाबांना तो कागद वाचून हसूच येतं, कारण त्यांचं पोर तसंही रात्री दोनला उठून खेळायला बसतं. मग झोपेचं सिरप देतात, आणि फिट्स शोधायच्या असतील तर झोपेतलं रेकॉर्डिंग चांगलंच, त्यात गैर काही नाही. पण मेंदू एरवी कसा चालतो हे मोजायचं असेल तर मूल जागं हवं, शांत हवं, आणि औषधाच्या अमलाखाली नको. ह्या तिन्ही गोष्टी एकदम जमवणं म्हणजे खरं दिव्य.

आता त्या लाटा. जागेपणी मेंदूच्या पेशींचं काम शाळेच्या मधल्या सुट्टीसारखं असतं, प्रत्येकाची बडबड वेगळी, त्यामुळे बाहेर नुसता कल्ला ऐकू येतो, बारीक आणि वेगवान. गाढ झोपेत तीच सगळी पोरं प्रार्थनेला उभी राहतात, एकदम एका सुरात, आणि म्हणून लाट मोठी आणि संथ होते. ह्या संथ लाटांना डेल्टा म्हणतात, सेकंदाला चारपेक्षा कमी. अँजेलमनमध्ये ही प्रार्थना दिवसाढवळ्या चालू असते. १९८८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हे नमुने नीट मांडले आणि म्हटलं की लहान वयात निदानाला ह्याचा उपयोग होईल, तेव्हा जीन सापडायला अजून नऊ वर्षं होती.

मग प्रश्न असा की एवढा डेल्टा असून हे मूल जागं कसं? जेस्ते हे आडनाव इथे येतं. डॉ. शफाली जेस्ते, आधी लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये, नंतर तिथल्याच चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये. वडील डॉ. दिलीप जेस्ते, पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे, अमेरिकेत वृद्धांच्या मानसोपचारातलं मोठं नाव. यूसीएलएत शफालींच्या टीममध्ये जोएल फ्रोलिक नावाचे संशोधक होते, त्यांनी २०२० मध्ये अँजेलमनच्या मुलांची जागेपणीची आणि झोपेतली रेकॉर्डिंग शेजारी ठेवली. डेल्टा दोन्हीकडे भरपूर. पण सिग्नलमध्ये किती विविधता आहे, किती गुंतागुंत आहे हे गणिताने मोजलं तर जागेपणी ती स्पष्ट जास्त निघाली. म्हणजे वरून लाट झोपेची, पण खाली बारीक कामकाज चालूच. नुसता डेल्टा दिसला म्हणून माणूस बेशुद्ध आहे असं म्हणता येत नाही, आणि ही गोष्ट कोमातल्या पेशंटकडे बघतानाही डोक्यात ठेवावी लागणार.

ह्याच टीमचं २०१६ चं काम मला त्याहून भारी वाटतं. पंधराव्या क्रोमोझोमचा जो तुकडा अँजेलमनमध्ये गळतो, तोच तुकडा काही मुलांमध्ये जादा असतो, त्याला डुप फिफ्टीन क्यू म्हणतात. बोलणं उशिरा, ऑटिझमची लक्षणं, फिट्स, बाहेरून बघितलं तर दोन्ही आजारांत बरंच साम्य. ईईजी मात्र पार उलटा. इथे संथ लाटा नाहीत, बीटाचा पूर आहे, सेकंदाला १२ ते ३० अशी बारीक थरथर, जणू मुलाला बेंझोडायझेपिन गटातलं, मेंदू शांत करणारं औषध दिलंय. आणि त्याला कारणही आहे, त्याच तुकड्यात गाबा रिसेप्टरचे, म्हणजे मेंदूच्या पेशींना शांत करणारा रासायनिक संदेश झेलणाऱ्या भागांचे, जीन बसलेत, आणि हे औषध नेमकं त्याच रिसेप्टरवर काम करतं. आता गंमत बघा, ह्यातल्या कितीतरी मुलांना फिट्ससाठी त्याच गटातली औषधं चालू असतात, त्यामुळे बीटा आजाराचा किती आणि गोळीचा किती हे वेगळं करत बसावं लागतं.

रिसर्च लॅबमध्ये पेस्टऐवजी बऱ्याचदा जाळी वापरतात, १२८ सेन्सरची. कोमट पाण्यात पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं बेबी शाम्पू घालून त्यात जाळी भिजवायची आणि ओली ओलीच डोक्यावर ओढायची, मिनिटभराचं काम. मग साबणाचे फुगे. हो, फुगे सोडतात, कारण फुगा बघताना मूल दोन सेकंद तोंड उघडं ठेवून स्तब्ध होतं. अशा स्तब्ध तुकड्यांमधूनच डेटा गोळा होतो, बाकीचं रेकॉर्डिंग टाकून द्यायचं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर औषधासाठी. बाबांकडची कॉपी बंद आहे, खराब नाही. मग ती उघडता आली तर? २०११ मध्ये उंदरांवर दिसलं की उघडता येते. २०१५ मध्ये त्यासाठी खास रेणू वापरला, अँटिसेन्स नावाचा, तोही उंदरांवर. २०१७ मध्ये दाखवलं की आईकडची कॉपी नसलेल्या उंदरांतही मुलांसारखाच डेल्टा वाढलेला असतो, म्हणजे उंदरापासून मुलापर्यंत एकच मोजपट्टी मिळाली. २०२० मध्ये पाठीच्या मणक्यातून मुलांना पहिले डोस गेले. ही ट्रायल करणारी कंपनी आईबाबांनी उभ्या केलेल्या संस्थेतूनच निघाली होती. सुरुवातीच्या पाच मुलांच्या पायातली ताकद काही दिवस कमी झाली, ट्रायल थांबवावी लागली, मुलं सावरली, डोस कमी करून पुन्हा सुरू झाली.

आणि इथे ईईजीची खरी किंमत कळते. मुलाला सुई टोचून आणल्यावर आईला फॉर्म द्या, त्यात सुधारणा दिसणारच. खोटं नाही बोलत ती, आशेने बघतेय. डेल्टाला आशा नसते. तो कमी झाला तर औषध मेंदूपर्यंत पोचून काहीतरी हललं, एवढं नक्की.

पण एवढंच. डेल्टा उतरला म्हणजे पोर उद्या "आई" म्हणेल असं नाही. रोश कंपनीच्या औषधाने लहरींमध्ये बदल दाखवला होता, तरी २०२३ मध्ये कंपनीने ते पुढे न्यायचं थांबवलं, कारण मुलांच्या प्रत्यक्ष प्रगतीची त्यांनी आधी ठरवलेली रेघ गाठली गेली नाही. मला हे बरोबरच वाटतं, लहरींच्या जिवावर औषध विकायला सुरुवात झाली तर पालकांची लूट व्हायला वेळ लागणार नाही. आताच्या मोठ्या ट्रायल्समध्ये मुख्य मोजमाप म्हणून मुलाची समज किंवा बोलणं धरलंय, आणि काही मुलांना नुसतीच टोचल्यासारखी प्रक्रिया करतात, कुणाला खरं औषध मिळालं हे आईबाबांना कळू देत नाहीत.

आपल्याकडे ह्याचा उपयोग आज, ह्या घडीला, निदानासाठी. मूल हसरं, बोलत नाही, तोल जातो, झोप कमी, आणि ईईजीत मोठ्या संथ लाटा, तर डॉक्टरांना अँजेलमनबद्दल सरळ विचारा. पहिली टेस्ट मेथिलेशनची, म्हणजे जीन चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा तपासणारी, तिच्यात साधारण ८० टक्के मुलं सापडतात, ती नॉर्मल आली आणि संशय गेला नाही तर यूबीई३एचं सिक्वेन्सिंग, म्हणजे तो जीन अक्षरन् अक्षर वाचून बघणं. आणि ईईजी झाल्यावर नुसता दोन पानी रिपोर्ट घेऊन येऊ नका, मूळ रेकॉर्डिंगची फाईल पेनड्राइव्हवर मागा, कारण उद्या कुणाला लहरी मोजायच्या झाल्या तर त्या रिपोर्टवरून मोजता येत नाहीत, आणि जुनी रेकॉर्डिंग लॅबमध्ये कायम राहतीलच असं नाही.