टाकीचा श्वास

(दृश्य : भांडुप. सकाळ. गॅरेजचं शटर अर्ध्यावर. लाकडी फळीवर काळे डबे ओळीने ठेवलेले.)

हे डबे बघा. प्लॅस्टिकचे, काळे, साधारण तांब्याएवढे. प्रत्येकाला नळ्या जोडायची तीन तोंडं, आणि पोटात कोळसा. गेल्या काही वर्षांत या गॅरेजात आलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे हे निकामी झालेले डबे. कंपनीच्या कागदावर याचं नाव चारकोल कॅनिस्टर. गॅरेजात सगळे याला कोळशाचा डबाच म्हणतात.

शेवटचा डबा जरा जवळून बघा. त्याच्या नळीच्या तोंडात बोल्ट ठोकलाय, वरून क्लॅम्प आवळलाय. याला इथल्या भाषेत ‘डमी मारणं’ म्हणतात. ज्या गाडीतून हा निघाला तिच्या पेट्रोलच्या टाकीची वाफ त्या दिवसापर्यंत या बोल्टाशी येऊन अडत होती.

(दृश्य : चंदेरी गाडी गल्लीतून आत येते.)

आज आलेली गाडी २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर. होंडा सिटी भारतात आली १९९८ मध्ये आणि व्हीटेक, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी आवृत्ती, आली २००० साली. तेव्हा कॉलेजात असलेली पोरं आज चाळिशी ओलांडून गेली, तरी या गाडीचा आवाज ऐकला की मान वळतेच. वरच्या गिअरला घाई करायची नाही, इंजिन फिरू द्यायचं. काटा वर चढला की गाडीचा सूर बदलतो. आपल्या रस्त्यावर फार कमी गाड्यांनी हे सुख दिलं, आणि म्हणूनच ती टिकवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मालक तरुण आहे. पंधरा वर्षं उलटलेली गाडी घेतली, आरटीओत फेऱ्या मारून नोंदणी पुन्हा करून घेतली, हरित कर भरला. पण टाकी फुल केली की गाडी पटकन सुरू होत नाही, सिग्नलला थांबली की थरथरते. आणि सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा निरोप पाठवलाय. मित्रांचं म्हणणं एकच : कॅनिस्टर काढून टाक, वजन कमी होईल, पिकअप वाढेल, कटकट मिटेल.

“तात्या, काढूनच टाकूया का?”

“काढायला दहा मिनिटं लागतील रे. पण आधी बघू तर दे, दुखतंय कुठे.”

(दृश्य : बॉनेट उघडतं. गॅरेजवाल्या तात्यांची बोटं नळीचा माग काढत जातात.)

तात्या बोटाने जी नळी दाखवतायत ती मागून, टाकीकडून येते. पेट्रोल नुसतं ठेवलं तरी उडतं. दिवसा टाकी तापते, आतली वाफ फुगते आणि वाट शोधते. रात्री टाकी गार होते आणि बाहेरची हवा आत ओढते. गाडी जागची हललीही नाही तरी हा श्वास रोज चालू असतो. ती वाफ उघड्यावर जाऊ नये म्हणून वाटेत हा डबा बसवलाय.

आतला कोळसा शेगडीतला नव्हे. तो खास प्रक्रियेने सच्छिद्र केलेला असतो. त्याच्या एका ग्रॅममधली सगळी छिद्रं उलगडून पसरली, तर पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. मुंबईच्या हिशेबात चारशे चौरस फुटांची पंचवीसएक घरं. चिमूटभर कोळशात! पेट्रोलची वाफ त्या भिंतींना चिकटून बसते. मग इंजिन गरम होऊन चालायला लागलं की पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप, उघडतो. इंजिनाच्या ओढीने डब्याच्या तिसऱ्या तोंडातून ताजी हवा आत शिरते, कोळशाला चिकटलेली वाफ सोडवते आणि सिलिंडरकडे घेऊन जाते. तिथे ती जळते, म्हणजे वाया जाणारं पेट्रोल कामी येतं. कोळसा पुन्हा रिकामा, रात्रीसाठी तयार.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, धुरकट शहर.)

ही युक्ती जन्मली दूर, कॅलिफोर्नियात. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरायला लागलं. ते नेमकं कशाचं, हे कळत नव्हतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि त्यातूनच हे धुरकं बनतं. म्हणजे दोष फक्त सायलेन्सरच्या धुराचा नव्हता, टाकीतून उडणाऱ्या वाफेचाही होता. १९७० पासून कॅलिफोर्नियातल्या आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना ही वाफ अडवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि शिसेविरहित पेट्रोल आलं, २००० मध्ये देशभरातून शिसं गेलं. हे सगळं पेपरात गाजलं. कोळशाचा डबा मात्र गाजावाजा न होता बॉनेटखाली येऊन बसला. ज्याची कधी ओळखच करून दिली नाही, तो काढून फेकताना कुणाचा हात का थरथरेल?

(दृश्य : डबा बाहेर येतो. तात्या तो कानाशी धरून हलवतात.)

आवाज ऐका. आत द्रव हलतोय. इथे फक्त वाफ यायला हवी होती, आणि आलंय चक्क पेट्रोल.

कसं आलं? तात्यांनी मालकाला एकच प्रश्न विचारला : “पंपावर राउंड फिगर करतोस ना?” आपण सगळेच करतो. नोझल टक् करून बंद होतं, मीटरवर १,९६२ दिसतात आणि पंपावरचा पोऱ्या विचारतो, “दोन हजार करू?” आपण मान डोलावतो. ते अडतीस रुपयांचं, पाव लिटरहून जास्त पेट्रोल टाकीत वाफेसाठी राखलेल्या जागेत शिरतं. ती जागा भरली की पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट डब्यात. कोळसा भिजतो आणि वाफ धरणं सोडतो. हळूहळू त्याचा चुरा होतो आणि इंजिनाच्या ओढीबरोबर पुढे जातो.

(दृश्य : पांढऱ्या कागदावर पर्ज व्हॉल्व्ह ठोकला जातो.)

हा तो चुरा. मोहरीच्या दाण्याहून बारीक, काळा. यातलेच दोन-चार कण व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकले, म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. मिटत नव्हता, म्हणून टाकी फुल केली की इंजिनात नको तेव्हा वाफ जात होती. सुरू व्हायला त्रास त्यामुळेच, सिग्नलची थरथरही त्यामुळेच. वासाचं कारण आणखी साधं निघालं. डब्याकडे येणारी रबरी नळी वाकवली तर तिच्यावर भेगा दिसतात. वीस वर्षांच्या रबराचं आयुष्य संपलं होतं, त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

तात्यांनी दुखणं शोधायला अर्धा तास घेतला. डबा काढून टाकला असता तर दुखणं सापडलंच नसतं.

आता पिकअपचं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा दरवाजा, सताड उघडतो आणि इंजिनाची ती ओढ जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला सगळी ताकद हवी असते, त्या क्षणी हा डबा इंजिनाच्या वाटेत नसतोच. रेसच्या गाडीचं गणित वेगळं. ती ट्रॉलीवरून ट्रॅकवर जाते आणि ट्रॉलीवरूनच परत येते. ही गाडी रोज रात्री कुणाच्या तरी खिडकीखाली झोपते.

डमी मारली तर टाकीचा श्वास कोंडतो, झाकण उघडताना फस्स आवाज येतो. नळी उघडी सोडली तर वास येतो, आणि त्या वासात बेंझिन असतं, ज्याने कर्करोग होतो. पीयूसीत हे पकडलं जात नाही, कारण तिथली नळी सायलेन्सरमध्ये जाते, टाकीपाशी नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे : मूळ रचनेत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

(दृश्य : कुर्ला, सीएसटी रोड. दुकानांबाहेर बंपर, दरवाजे, हेडलाइटचे ढीग.)

इतक्या जुन्या गाडीचा नवा डबा मिळणं कठीण. म्हणून तात्या कुर्ल्याला आलेत. इथे आख्ख्या गाड्या सुट्या होऊन टांगलेल्या असतात. चौथ्या दुकानात डबा सापडला, पण तात्या लगेच पैसे काढत नाहीत. आधी हलवून बघतात : आत पेट्रोल नको, खुळखुळ नको. मग उलटा करून पांढऱ्या रुमालावर आपटतात. रुमालावर काळं पडलं की डबा परत. पहिला परत गेला. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी रुमाल पांढराच राहिला. दुकानदार वैतागलेला दिसतो, तात्यांना त्याची फिकीर नाही. वीस वर्षांच्या गाडीसाठी भर उन्हात उभं राहून रुमालाचा रंग बघणारी अशी माणसं या शहरात अजून आहेत, म्हणून ही फिल्म करावीशी वाटली.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. संध्याकाळ.)

नळ्या नव्या, क्लॅम्प नवे. व्हॉल्व्ह साफ करून, हातपंपाने ओढून तपासलेला : मिटतो, उघडतो. टाकीचं झाकण बसवताना तात्या मालकाला बजावतात, “टक् झालं की बस. वरचे पैसे तुझ्या खिशात.”

इंजिन गरम होऊ दिलंय. तात्या वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडतात आणि डब्याच्या मोकळ्या तोंडाशी धरतात. पट्टी लोंबतेय.

“आता दे थोडा रेस.”

(दृश्य : क्लोज-अप. इंजिनाचा आवाज चढतो. कागदाची पट्टी हलते आणि तोंडाला चिकटून बसते. निवेदन नाही.)