खवाट्याखालची चरबी

[दृश्य: कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंनी ज्वारी, ओसरीवर बसलेल्या बायका]

१९९३. पुण्याच्या केईएम रुग्णालयाची माणसं जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत घरोघर फिरू लागली. बाळ लहान का जन्मतं, हे शोधायचं होतं. म्हणून नावं नोंदवली ती लग्न झालेल्या बायकांची, दिवस जाण्याच्याही आधी. दर महिन्याला पाळीची तारीख विचारायची. चुकली, की सोनोग्राफी. किती भाकऱ्या खाल्ल्या, पालेभाजी होती का, पाणी कुठून आणलं, रानात किती राबली, सगळं वहीत उतरायचं. हे कुणी आधी विचारलंच नव्हतं त्यांना.

[दृश्य: वजनकाटा, टेप, कॅलिपर, तान्ह्या बाळाची पाठ]

बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत मोजमाप. डोकं, पोट, दंड. मग खवाट्याखालची कातडी अलगद कॅलिपरच्या चिमटीत.

हेच आकडे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवले. तिकडे सरासरी वजन ३.५ किलो, इकडे २.७. दंड बारीक, पोट लहान. पाठीवरची चरबी मात्र जवळपास तिकडच्याइतकीच! या अभ्यासाचे प्रमुख डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाळाला नाव दिलं, 'थिन-फॅट', म्हणजे दिसायला बारीक, पण चरबी भरपूर. नुसता वजनकाटा ठेवला असता, तर हे कधीच दिसलं नसतं.

[दृश्य: शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, जुना फोटो]

हे याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिक यांचा व्यायाम काय, तर बंद होणारी लिफ्ट गाठणं. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनीच तसं छापलंय, २००४ साली.

[दृश्य: दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता]

जास्त वजनाची बीएमआय २५ची रेघ मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आकड्यांवरून आली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३वरच सावध व्हायला सांगितलं. २५ची रेघ तशीच राहिली.

[दृश्य: रक्ताच्या नळ्या, गोळ्यांचं पाकीट]

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. बहुतेक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिड त्याचंच एक रूप) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच, साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. गरोदरपणातल्या सरकारी गोळीत लोह असतं, फोलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. २०१२मध्ये याच मुलामुलींना, ऐन तारुण्यात, बी-१२ देऊन नवी चाचणी सुरू झाली. मोजायची होती ती त्यांची बाळं.