'मारियुस' (१९३१): बोलण्यातच घडणारा बोलपट

नमस्कार. बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांत नाटकावरून चित्रपट निघाला की जाणकार नाक मुरडत, आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती; अनेक चित्रपटांत नट मायक्रोफोनच्या टप्प्यात खिळून राहत आणि कॅमेरा त्यांच्याकडे निमूटपणे पाहत बसे. 'मारियुस' या फ्रेंच चित्रपटातही माणसे बहुतेक वेळ एका जागी बसून बोलतच असतात, तरीही तो आज शिळा वाटत नाही.

मार्सेल पान्योल यांचे मूळ नाटक १९२९ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आले. मार्सेय बंदरावरच्या बारचा मालक सेझार, समुद्राच्या ओढीने झुरणारा त्याचा मुलगा मारियुस, बारच्या दाराशी कालवे विकणारी फानी आणि तिला मागणी घालणारा प्रौढ विधुर पानिस, एवढाच त्याचा पसारा आहे. पॅरामाउंट या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या पॅरिसजवळील स्टुडिओत हंगेरियन दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांनी त्याचा चित्रपट केला. डबिंग तेव्हा रुळलेले नसल्यामुळे जर्मन आणि स्वीडिश आवृत्त्या वेगळे नट घेऊन चित्रित झाल्या. फ्रेंच आवृत्तीत मात्र रेमू, पिएर फ्रेने आणि ओरान देमाझिस हे नाटकातलेच कलावंत राहिले, आणि माझ्या मते चित्रपट तरला तो त्यांच्यामुळे.

सेझार मुलाला एक पेय मिसळायला शिकवतो तो प्रसंग पाहा. एका मद्याचा अगदी लहानसा तिसरा हिस्सा, लिंबाचा त्याहून थोडा मोठा, दुसऱ्या मद्याचा चांगला भरघोस, आणि शेवटी पाण्याचा भलामोठा तिसरा हिस्सा. हे तर चार तृतीयांश झाले, असे मारियुस म्हणतो, तेव्हा ते तृतीयांश केवढे आहेत त्यावर अवलंबून आहे, असे बाप ठणकावतो. सेझार साकारणारे रेमू हे इतक्या गांभीर्याने सांगतात की हसू आवरत नाही. पण मुलाचे चित्त या धंद्यात नाही, हे बापाखेरीज सर्वांना दिसत असते.

हाच आंधळेपणा शेवटी जीवघेणा ठरतो. मारियुसला जाण्यास स्वतःच प्रवृत्त करणारी फानी, जहाज सुटत असताना सेझारला सुगावा लागू नये म्हणून त्याला बोलण्यात गुंतवते, आणि तो उत्साहाने तिला लग्नानंतरच्या खोलीचे बेत सांगत राहतो. मूकपटात हा प्रसंग उभाच राहिला नसता.

बोलपट म्हणजे नाटक छापून सर्वदूर पोचवण्याची कला, असे पान्योल मानत, आणि त्यावरून दिग्दर्शक रने क्लेर यांच्याशी त्यांचा जाहीर वादही झाला. पुढचा भाग 'फानी' १९३२ मध्ये पडद्यावर आला तोही नाटकावरूनच. तिसरा, 'सेझार', मात्र पान्योल यांनी थेट पडद्यासाठी लिहून १९३६ मध्ये स्वतः दिग्दर्शित केला, आणि रंगभूमीवर तो दहा वर्षांनी, १९४६ मध्ये आला.