झोपेचं सांगायचं राहिलं

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'मेंदूचे मोठे डॉक्टर' अशी करून दिली. घरी याबद्दल मतभेद आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय, 'अपस्मार आणि आकस्मिक मृत्यू: पेशंटला सांगावं का?' हे वाचूनही तुम्ही आलात, तेही पलीकडच्या मैदानात ऑर्केस्ट्रा असताना. तुमची कमाल आहे.

अपस्मार म्हणजे फिट, फेफरं, मिरगी. फिट आलेल्याला कांदा हुंगवणारे किती जण इथे? हात वर करा. बघा, पहिल्या रांगेतसुद्धा! चप्पल? लाजू नका. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, तेवढ्यात कोणीतरी कांदा आणतो आणि श्रेय कांद्याला. आमच्या गोळीच्या नशिबी ते नाही.

लपवालपवी तर या आजाराच्या पाचवीला पुजलेली. १९९९पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वारंवार फिट येणं लग्नाला आड येत होतं. त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो शब्द निघाला. कायद्यातून निघाला, सोयरिकीतून कुठला निघतोय? मुली गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून सासरी नेतात. लग्नघरात कोणी बघेल म्हणून चार दिवस गोळी बंद, त्यात जागरण, उपास, आणि नेमकी मांडवात फिट. यावर मी रात्रभर बोलेन, पण लोकांना दोष देतोय तो मी काय वेगळं करत होतो?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा. इंजिनिअरिंगचा, हॉस्टेलवर राहणारा. वडील एसटीत कंडक्टर, दर वेळी रजा टाकून सोबत यायचे. मी सांगायचो, गाडी चालवू नकोस, विहिरीत पोहू नकोस, गच्चीच्या कठड्यावर बसू नकोस, शेगडीजवळ जपून. वडील ते तिकिटाच्या पॅडमागे लिहून घ्यायचे. परीक्षेच्या दिवसांत गोळीनं झोप येते म्हणून पोरानं रात्रीची गोळी सोडली. सकाळी तो अंथरुणात पालथा सापडला. गेलेला.

महिन्यानं वडील आले. भांडायला नाही, फाइल परत द्यायला. म्हणाले, "साहेब, विहिरीचं सांगितलंत, गाडीचं सांगितलंत. झोपेचं नाही सांगितलंत." मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पोरगं घाबरेल म्हणून बोललो नव्हतो. खरं तर मीच घाबरलो होतो. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना मृत्यूचा विषय कोण काढणार?

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' म्हणजे कबूल केलेलं भाषण आता सुरू होतंय!

तर भरभर. २०१७च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार अपस्मारातला असा आकस्मिक मृत्यू मोठ्या माणसांत वर्षाला सुमारे १००० रुग्णांत एकाला येतो, मुलांमध्ये ४५०० जणांत एकाला. पेशंटला सांगावं, असंही त्यांत आहे. सांगताना उरलेल्या ९९९ जणांपासून सुरुवात करा. सर्वांगाला झटके येणारी मोठी फिट वर्षातून तीनदा किंवा जास्त येत असेल, तर ती न येणाऱ्यांच्या तुलनेत धोका सुमारे १५ पट. पेशंटचं चित्रण आणि मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद एकाच वेळी करणाऱ्या व्हिडिओ-ईईजी विभागांत नोंदले गेलेले असे मृत्यू २०१३मध्ये एकत्र तपासले गेले. बहुतेक रात्रीचे, मोठ्या फिटनंतरचे. आधी श्वास थांबला, मग हृदय. म्हणून गोळी चुकवायची नाही, आणि गोळ्यांनी फिट आटोक्यात येत नसेल तर शस्त्रक्रियेचं विचारायचं. रात्री जवळ कोणी असलेलं बरं. फिटनंतर कुशीवर वळवा, श्वास बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

सांगायचं कधी? पहिल्याच भेटीत दारात नाही, पण पुढच्या एक-दोन भेटींत, बसवून, जवळच्या माणसासमोर. 'धोक्याबद्दल बोलू का?' असं विचारून. आणि गोळी सुटल्याचं कळलं की त्याच दिवशी.

हो हो, बसतो. परवा एका कॉलेजकन्येला सगळं सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी. मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आजीला माझ्या खोलीत झोपायला सांगते. घोरते ती, पण चालेल."