चाकं मोठी करण्याआधी

मंडळी, जुन्या स्पोर्ट्स कारवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "सतरा इंची अलॉय बसतील का?" बसतील हो. बसवणारे मागे लागलेलेच असतात. पण आज ज्या गाडीबद्दल बोलतोय, ती पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, 1989 साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आली तेव्हा 14 इंची चाकांवर उभी होती, 185/60 टायरवर (रुंदी 185 मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची तिच्या 60 टक्के). दोन माणसांची गाडी, वजन टनाच्या आत, इंजिन 1.6 लिटरचं आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन आर्म. ताकद बेताचीच, सगळी मजा वळणात. चाक आणि टायरचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, म्हणजे खड्ड्यातून उडालेलं चाक पुन्हा रस्त्याला टेकवायचं काम शॉकअपवर पडतं. गाडी हलकी असली की चाकावर वाढवलेला प्रत्येक किलो जास्तच जाणवतो.

म्हणून अशी गाडी सुधारायला घ्याल तर सुरुवात टायरपासून करा, आणि तीही त्याची जन्मतारीख वाचून. टायरच्या बाजूवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. हौशी लोकांच्या गाड्या वर्षाकाठी थोड्याच चालतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. अशा टायरवर महागडं सस्पेन्शन लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता बुश. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सस्पेन्शनचे आर्म जिथे गाडीला जोडलेले असतात तिथे दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा हे रबर पिळलं जातं, घसरत नाही. तीस वर्षांत ते तडकतं आणि मग स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करून वळते. नवे बुश घालताना हमखास होणारी चूक अशी : गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत आणि मेकॅनिक बोल्ट करकचून आवळतो. बोल्ट आवळला की आतली नळी त्याच कोनात जखडते. गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचा पाना फिरवायचा. पॉलियुरेथेनचे बुश फिरतात, त्यांना ही अट नाही. पण ते ग्रीस मागतात, कुरकुरतात. रस्त्यावरच्या गाडीला मी रबरच घालीन.

त्यानंतर शॉकअप आणि स्प्रिंग, दोन्ही एकमेकांच्या मापाचे. गाडी फार खाली घेऊ नका. या गाडीत चाकाला वरखाली व्हायला मुळातच जागा कमी. अडीच-तीन इंच खाली घेतली की वळणात ती बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर, जाऊन बसते, स्प्रिंग एकदम कडक झाल्यासारखी होते आणि पकड सुटते. हे मागच्या चाकांना झालं तर गाडी गर्रकन फिरते. फोटोत मात्र छान दिसते, हे मान्य.

चाकं बदलायचीच असतील तर 15 इंचांवर थांबा. 195/50 आर 15 घातला तर बाहेरचा व्यास जुन्या टायरपेक्षा दोन मिलिमीटरनेही बदलत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. रिमला चार बोल्ट, 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ऑफसेट, म्हणजे रिम गाडीला टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर, मूळचा 45 मिलिमीटर. तो 20 वर आणलात तर चाक इंचभर बाहेर येतं आणि प्रत्येक खड्डा स्टिअरिंग हातातून खेचू लागतो.

शेवटचं काम अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी पोती ठेवूनच करून घ्या. एवढ्या हलक्या गाडीत माणूस बसला की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. कोन जुळवायचे विकेंद्री बोल्ट (फिरवले की आर्म जरा सरकवणारे) ब्रिटनसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, बुशच्या नळीत गंजून बसतात. काही दिवस आधीपासून तेल सोडत राहा. तरीही हलले नाहीत तर कापूनच काढावे लागतात, तेव्हा नवे बोल्ट आधीच मागवून ठेवा. आणि हे काम बुशच्या कामाबरोबरच उरका, कारण कापायची वेळ आली तर बुशही सहसा त्यातच जातात.