सर्व्हरनं मिस्ड कॉल द्यावा

नमस्कार. मागं बसलेल्यांनी जरा पुढं या, माईक बारीक येतोय. मला ४० मिनिटं दिलीत आणि विषय तसा एका ओळीचा आहे, पीएचपीच्या स्क्रिप्टमधून आपल्याच सर्व्हरचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेर इंटरनेटवर दिसणारा पत्ता, कसा काढायचा. पण त्याआधी गड्ड्याचं सांगतो.

संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, तिथं पोरगं हरवलं की त्याला माईकवाल्यापाशी नेऊन बसवतात. तो विचारतो, बाळा पप्पांचं नाव काय, पोरगं रडत रडत सांगतं "पप्पा". आता पोरगं काही खोटं बोलत नाही, त्याच्या घरात तेच नाव चालतं की. पण मैदानावर ज्याला त्याला पप्पाच म्हणतात, पुकारायचं कुणाला? १९२.१६८ नं सुरू होणारा आयपी म्हणजे हे पप्पा. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या एका कागदात, तीन पट्टे खाजगी वापराला सोडलेत, १० नं सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१, आणि हा १९२.१६८. कुणीही आपल्या घरात वापरावा, बाहेर इंटरनेटवर त्याला किंमत नाही.

तर झालं असं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं काम माझ्याकडं होतं. माल ट्रान्सपोर्टला टाकला की व्यापाऱ्याला एसएमएस जायला पाहिजे, एवढंच. स्क्रिप्ट ऑफिसातल्याच पीसीवर. एसएमएसवाल्या कंपनीनं सांगितलं सर्व्हरचा आयपी कळवा, आम्ही व्हाइटलिस्ट करतो, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकतो. मी सर्व्हर अ‍ॅडर हे पीएचपीचं व्हेरिएबल, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा पत्ता, छापलं, १९२.१६८.१.२० आलं, तेच फॉर्ममध्ये भरलं, आणि फॉर्मनं ते मुकाट घेतलं! मग प्रत्येक एसएमएसला एकच उत्तर, "इनव्हॅलिड आयपी". फोन केला की म्हणायचे आयपी मॅच होत नाही, परत कळवा. चार दिवस हेच. तिकडं मालकांचा फोन, "अहो माल निघाला का म्हणून व्यापारी विचारायलेत, काय सांगू त्यांना?"

याचा मला अजून राग आहे आणि तो मी इथं बोलणार. आमची रिक्वेस्ट कुठल्या पत्त्यावरून येतेय हे त्यांच्या लॉगमध्ये लिहिलेलं होतं, जगात त्या क्षणी ज्यांना आमचा खरा पत्ता माहीत होता ते हेच लोक, आणि तेच आम्हाला विचारत होते तुमचा पत्ता काय! तुमच्यातली जी पोरं पुढं एपीआय, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमनं बोलवायची सेवा, लिहिणार आहेत त्यांना हात जोडून सांगतो, एररमध्ये एवढं लिहा, "तुमची रिक्वेस्ट अमुक आयपीवरून आली". समोरच्याचे चार दिवस वाचतात.

आता, सर्व्हरला स्वतःचा पत्ता का कळत नाही? कारण पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावरचा आतला पत्ता पुसून स्वतःचा घालतो, यालाच नॅट म्हणतात, आणि हे तो आतल्या मशीनला सांगत नाही. म्हणून आतल्या आत कितीही खणलं तरी सापडत नाही. नवीन सिम घेतल्यावर आपला नंबर आपल्याला माहीत नसतो तेव्हा काय करायचो आपण? मित्राला मिस्ड कॉल, आणि मग विचारायचं, "बघ बे, काय नंबर दिसायलाय?" झालं. हाच उपाय.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, भरभर सांगतो. दुसऱ्या कुठल्याही होस्टिंगवर एका ओळीची फाइल ठेवा जी रिमोट अ‍ॅडर छापते, म्हणजे विचारणाऱ्याचा पत्ता, आणि आपल्या स्क्रिप्टमधून कर्लनं, म्हणजे पीएचपीतून दुसरं पान मागवायच्या सोयीनं, तिला बोलवा, जे उत्तर येईल तो तुमचा पब्लिक आयपी. स्वतःची जागा नसेल तर आयपिफायसारख्या तुमचा आयपी सांगणाऱ्या सेवा आहेत, पण टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवा, उत्तर खरंच आयपी आहे का ते पीएचपीच्या फिल्टर व्हारनं तपासून घ्या, आणि प्रत्येक पेजलोडला विचारू नका, साठवून ठेवा. समोरच्याला चार आकड्यांचा जुना आयपीव्ही४ पत्ता पाहिजे असेल तर कर्लला तसं बजावा, नाहीतर कधी लांबलचक नवा आयपीव्ही६ हातात येतो. मशीनच्या नावावरून, म्हणजे गेटहोस्टनेमवरून, काढायला जाल तर उबुंटूवर बऱ्याचदा १२७.०.१.१ मिळतं, ते मशीनमधल्याच होस्ट्स फाइलमधून येतं, कामाचं नाही. डोमेनवरून काढाल आणि मध्ये क्लाउडफ्लेअरचा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असेल तर त्यांचा पत्ता मिळतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड मशीनवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ ला विचारता येतं, आधी टोकन घेऊन, पण मध्ये नॅट गेटवे असेल तर बाहेर पडणारा पत्ता त्याचा असतो, तिथं परत मिस्ड कॉलच. आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतलेला नसेल तर लाइट जाऊन राउटर परत चालू झाला की पत्ता बदलू शकतो, आमच्या कारखान्यात बदललाच, म्हणून दर १५ मिनिटांनी आपोआप तपासणारं क्रॉन लावा, बदलला की मेल यावा.

आत्ता मोबाईल काढा सगळ्यांनी. वायफाय बंद करा, सेटिंगमध्ये आयपी बघा, मग ब्राउझरमध्ये आयपिफाय उघडून तिथला बघा. ज्यांचे दोन वेगळे आलेत त्यांनी हात वर करा... बघा, किती हात आहेत.